भर वामकुक्षीत वाजलेल्या टाळ्या

कोलोनिया बियांकेत्तीत दुपारी दोन ते चार सगळं गाव झोपतं. निदान सगळं गाव तसं सांगतं. दुकानांची शटरं खाली येतात, खिडक्यांच्या लाकडी पट्ट्या ओढल्या जातात, आणि फेब्रुवारीच्या, म्हणजे आमच्याकडच्या भर उन्हाळ्यातल्या, उन्हात रस्त्यावर कुणी दिसलंच तर तो परगावचा ट्रकवाला असतो. या सिएस्ताच्या, म्हणजे वामकुक्षीच्या, वेळात कुणाच्या घरी जाणं हा आमच्याकडे गुन्हाच. एरवी कुणाकडे गेलं की फाटकाशी उभं राहायचं, दोन टाळ्या वाजवायच्या आणि आतून "आले, आले!" असं येईपर्यंत थांबायचं. काही घरांना घंटा आहे, पण ती वाजवणारा माणूस वसुलीला आलेला असतो नाहीतर धर्मप्रचाराला. आणि टाळ्या असोत की घंटा, दोन ते चारमध्ये नाही म्हणजे नाही. घराला आग लागली तरी आमचा शेजारी आधी घड्याळ बघेल, असं आजूबाजूच्या गावांतले लोक म्हणतात. ते अगदीच खोटं नाही.

सुल्मा बेर्तोरेल्लो या बाबतीत गावापेक्षाही कडक. ती दुपारी झोपायची म्हणजे खरोखर झोपायची, गाल उशीवर, तोंड उघडं. ही सवय तिला टेलिफोनच्या बोर्डाने लावली होती. शाळा संपवून ती गावाच्या टेलिफोन सहकारी संस्थेत ऑपरेटर म्हणून लागली तेव्हा फोन फिरवायची सोय नव्हती. यंत्राची मूठ फिरवायची आणि म्हणायचं, "सुल्मा, जरा डॉक्टरीणबाई दे," की सुल्मा एका भोकातली दोरी काढून दुसऱ्या भोकात घालायची. डॉक्टरीणबाई कुणाच्या शेतावर गेल्या आहेत हेही सांगायची. दुपारी दोनला बोर्ड गप्प व्हायचा. त्या वेळात दिवा लागलाच तर कुणी जन्मलेलं असायचं, नाहीतर कुणी गेलेलं. बाकी वेळ ती तिथेच, खुर्चीत, हेडफोन कानाला लावून डुलकी काढायची.

पुढे तिचं लग्न झालं, मुलगी झाली, आणि मुलगी चालायला लागते न लागते तोच नवरा कापणीच्या दिवसांत धान्याच्या ट्रकखाली गेला. नेमकं त्याच सुमारास संस्थेत स्वयंचलित एक्सचेंज आलं. लोक आपले आपण फोन फिरवायला लागणार होते. बोर्ड जाणार, बोर्डावरच्या बायका जाणार. आत, यंत्राच्या खोलीत, एकच माणूस लागणार होता, आणि ती जागा ओविदिओ क्राव्हेरोची होती. तो सुल्माच्या आधीपासून संस्थेत होता, हाताचा चांगला होता, आणि जागा त्याला द्यायची हे कमिटीचं ठरल्यासारखंच होतं.

मग एके दिवशी ओविदिओ मॅनेजरसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "मला आत कोंडलं की डोकं दुखतं. मला बाहेर तारांवर पाठवा. आतलं सुल्मा बघेल. तिला शिकायला कोर्दोबा शहरात पाठवा."

मॅनेजर एलिहिओ फेर्रेरो हे भले गृहस्थ होते. त्यांनी सुल्माला कोर्दोबाला पाठवलं आणि का पाठवलं तेही सांगितलं. तेव्हापासून सुल्मा आत बसली आणि ओविदिओ खांबांवर चढला. उन्हात, वाऱ्यात, गारा पडून गेल्यावर, जिथे तार तुटेल तिथे. निवृत्तीच्या दोन वर्षं आधी एका ओल्या खांबावरून तो घसरला आणि उजवा गुडघा कायमचा गेला. आता तो पाय ओढत चालतो.

सुल्माने या उपकाराबद्दल त्याला धन्यवाद द्यायचा प्रयत्न केला नाही असं नाही. पहिल्यांदा एका लग्नात, मग तिच्या मुलीच्या पदवीच्या दिवशी, मग तो दवाखान्यात पाय टांगून पडला होता तेव्हा. प्रत्येक वेळी तिने तोंड उघडलं की ओविदिओ हात झटकून एकच वाक्य म्हणायचा, "मला खांब आवडायचे. आत पंखासुद्धा नव्हता." संपलं. नाकावर माशी बसू द्यायचा नाही. त्या न दिलेल्या धन्यवादाचं ओझं सुल्माच्या मनावर इतकी वर्षं बसून होतं, आणि माणूस रोज रस्त्यात भेटत होता.

मधल्या काळात यंत्रं बदलत गेली. फोनच्या तारेवरून किरकिरत येणारं इंटरनेट आलं, ते जाऊन काचेच्या तारा आल्या. सुल्मा प्रत्येक वेळी नव्याने शिकली, चिडली, चुकली आणि शिकली. शेवटी तिची साठी उलटली, आणि निवृत्तीआधीचं शेवटचं काम समोर उभं राहिलं. ते म्हणजे म्हाताऱ्याची बदली.

म्हातारा म्हणजे संस्थेचा मुख्य राउटर. गावातल्या सगळ्या घरांच्या तारा जिथे येऊन मिळतात आणि कोर्दोबाकडे जाणारी एकच लांब तार जिथून निघते, ते यंत्र. बसवला तेव्हा तो गावाला पुरून उरत होता. आता संध्याकाळ झाली की त्याला धाप लागायची. घराघरांत चित्रं अडकायची, आणि लोक दुसऱ्या दिवशी पाव घेताना सुल्माला अडवून विचारायचे, "काय गं, म्हातारा अजून जिवंत आहे?" नवा राउटर मागवून बरेच महिने झाले होते, पण तो कस्टममध्ये अडकून बसला होता. आणि या अडचणीच्या काळात राजधानीतल्या एका मोठ्या कंपनीने निरोप पाठवला की गावाचं इंटरनेट आम्ही चालवायला घेतो. सभासदांच्या सर्वसाधारण सभेत हात वर करून त्याचा निर्णय व्हायचा होता. कंपनीने घेतलं तर ऑफिसला कुलूप लागणार, पाच माणसं घरी जाणार, आणि टेलिफोनच्या पहिल्या खांबापासून गावाने उभं केलेलं दुसऱ्याच्या हातात जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं. तरी संध्याकाळी चित्र अडकलं की माणसाला खांब आठवत नाहीत.

नवा राउटर आला तो सभेच्या आदल्या आठवड्यात. सभेची तारीख कायद्याने आधीच जाहीर झालेली. संस्थेचा अध्यक्ष रुबेन गास्ताल्दी, गावचा औषधवाला, घाबरट पण मनाचा चांगला. तो सुल्माला म्हणाला, "सभेच्या दिवशी संध्याकाळपर्यंत नवा चालू झालेला दिसला तर लोकांना काहीतरी सांगता येईल. नाहीतर मी त्यांच्यासमोर काय तोंड घेऊन उभा राहू?"

"सभेच्या दिवशीच करू, दुपारी," सुल्मा म्हणाली. "सिएस्तात. दोनला बंद करायचं, चारच्या आत चालू. गाव उठेल तेव्हा कुणाला कळलेलंही नसेल."

मोठ्या शहरांत ही कामं मध्यरात्री करतात. आमच्याकडे मध्यरात्रीपर्यंत लोक अंगणात खुर्च्या टाकून बसलेले असतात, तेव्हा सिएस्ताच बरी. हे इतकं उघड होतं की कुणी दुसरा विचारसुद्धा केला नाही. खरं म्हणजे सुल्मासमोरच्या पडद्यावर गावाच्या वापराची रेघ रोज दिसायची, आणि दुपारी दोनपासून त्या रेघेला उंटाच्या पाठीसारखा चांगला उंचवटा यायचा. सुल्माने ते पाहिलं होतं. पण सगळं गाव झोपलेलं असताना इंटरनेट वापरणार कोण? संगणक आपले आपण काहीतरी उतरवून घेत असतील, असं तिने ठरवून टाकलं होतं. ज्या गावाला तिने बोर्डावरून ओळखलं होतं, त्या गावाच्या शब्दावर तिचा यंत्रापेक्षा जास्त विश्वास होता.

सभेच्या दिवशी दोन वाजले, खिडक्यांच्या पट्ट्या ओढल्या गेल्या, आणि सुल्माने कामाला हात घातला. नवा राउटर दोन दिवस टेबलावर चालवून पाहिला होता. गावाकडच्या सगळ्या जोडण्या तपासल्या होत्या. फक्त कोर्दोबाची तार एकच, आणि ती म्हाताऱ्यात गुंतलेली, म्हणून तेवढी तपासायची राहिली होती. रुबेन दाराशी रुमालाने मान पुसत उभा होता.

"म्हाताऱ्या, खूप केलंस रे," असं म्हणून सुल्माने त्याचं बटण दाबलं. पंखे थांबले. इतक्या वर्षांत ती खोली पहिल्यांदा शांत झाली. सुल्माच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने रुबेनला दिसू दिलं नाही.

नवा त्याच्या जागी बसला. गावाच्या तारा एकेक करून लागल्या, हिरवे दिवे लुकलुकले. शेवटी कोर्दोबाची तार. तारेत प्रकाश सोडायला एक मॉड्यूल लागतं, बोटाएवढा चंदेरी तुकडा, यंत्राच्या खाचेत बसणारा. सुल्माने ते बसवलं, तार जोडली आणि थांबली. दिवा लागेना. तार काढून पुसली, पुन्हा लावली. दिवा लागेना. तिने मॉड्यूल बाहेर काढलं, चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि त्यावरची बारीक अक्षरं वाचली. मग तिने कपाळाला हात लावला.

"काय झालं?" रुबेनने विचारलं.

"हे जवळच्या पल्ल्याचं आहे. याचा प्रकाश आपल्या वेशीच्या थोडा पुढे जाईल आणि मरेल. कोर्दोबाकडचं तारेचं पुढचं ठाणं कुठे आणि हे कुठे! दिसायला सगळी सारखीच. मी आल्यावर मोजून घेतली, वाचून घेतली नाहीत."

"मग म्हाताऱ्यातलं काढून घाल की."

"त्याचं याच्या दुप्पट रुंद. या खाचेत बसत नाही."

"मग म्हाताराच पुन्हा लाव!"

तोच विचार सुल्माच्याही मनात होता. तिने म्हाताऱ्याला वीज दिली, बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. वर्षानुवर्षं ज्याने पापणी मिटली नव्हती त्याने एकदा मिटली ती कायमचीच. रुबेन मटकन खुर्चीत बसला. संध्याकाळी सभा, आणि गावात इंटरनेट नाही, त्यावर चालणारे फोन नाहीत, मोबाइलचा टॉवरसुद्धा त्याच तारेवर. कंपनीच्या माणसाने एक शब्द न बोलताही लोकांनी कंपनीच्या बाजूने हात वर केले असते.

"कोर्दोबाहून मागव," रुबेन पुटपुटला.

"पोचेपर्यंत सभा संपून लोक जेवायला बसलेले असतील."

सुल्माचं डोकं मात्र चालू होतं. लांब पल्ल्याचं, या खाचेत बसेल असं मॉड्यूल कुठे पाहिलं होतं? पाहिलं होतं, नक्की पाहिलं होतं. कोर्दोबाच्या वाटेवर मध्ये एक टपरीवजा ठाणं होतं, ते बंद केलं तेव्हा. ते सगळं सामान उतरवून आणलं होतं ओविदिओने. आणि निवृत्त होताना रताळ्याच्या वडीच्या गोल पत्र्याच्या डब्यात ते सगळं भरून तो घरी घेऊन गेला होता. ऑफिसात सगळ्यांसमोर सुल्माने त्याला 'भंगारवाला' म्हटलं होतं, हेही तिला आठवलं.

"मी ओविदिओकडे जाते," ती म्हणाली.

रुबेनने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "आत्ता?" त्याचा आवाज चिरकला. "सुल्मा, अगं, तीनसुद्धा वाजले नाहीत!"

सायकलवरून जाताना तिला वाटेत चिटपाखरू भेटलं नाही. डांबर मऊ झालं होतं. ओविदिओच्या फाटकाशी ती उतरली, हात वर केले आणि तशीच उभी राहिली. सगळ्या गल्लीच्या पट्ट्या बंद. आयुष्यात तिने सिएस्तात टाळ्या वाजवल्या नव्हत्या. आणि कुणाच्या दाराशी, तर ज्याचं ऋण डोक्यावर आहे त्याच्या! आधीच घेतलेलं परत केलं नाही, त्यात आणखी मागायला आली. पण संस्थेच्या पगारावर तिची चूल पेटली होती, मुलगी शिकली होती. तिने डोळे मिटले आणि दोन टाळ्या वाजवल्या. हळू. आतून काही नाही. मग तिने जीव खाऊन वाजवल्या.

पहिल्यांदा उघडली ती शेजारची खिडकी. नव्वदीला टेकलेल्या दोन्या इर्मा पेइरोने, ज्यांना सगळं गाव आदराने दोन्या, म्हणजे बाई म्हणतं, पट्ट्यांमधून डोकावल्या. "कोण गेलं?" त्यांनी विचारलं. या वेळात टाळ्या म्हणजे दुसरं काय असणार?

"कुणी नाही, दोन्या इर्मा. झोपा तुम्ही. इंटरनेट गेलंय."

"ते दोनलाच गेलं, मला माहीत आहे! नेमका माझा पत्त्यांचा डाव लागत होता, आणि समोर ती पाराना शहरातली बाई..." दोन्या इर्मा थबकल्या. हातातला टॅब्लेट त्यांनी हळूच खाली केला. "म्हणजे मी आपली जपमाळ ओढत होते."

समोरच्या घराची पट्टी वर झाली. मग त्याच्या शेजारची. मग पलीकडची. "कधी येणार गं, सुल्मा?" "माझा मुलगा माद्रिदहून याच वेळेला बोलतो!" "मी तर मालिका..." कुणाच्याही डोळ्यांत झोपेचा मागमूस नव्हता. कुणाच्या गालावर उशीची घडी नव्हती. सुल्मा गल्लीच्या मधोमध उभी राहून सगळीकडे बघत राहिली, आणि पडद्यावरच्या त्या उंटाच्या पाठीचा अर्थ तिला लख्ख कळला.

"म्हणजे या अख्ख्या गावात दुपारी झोपणारी मी एकटीच?" ती म्हणाली.

"ओविदिओ झोपतो," दोन्या इर्मा म्हणाल्या. "तो पक्का आहे."

तेवढ्यात ओविदिओ बाहेर आला. बनियन, पायजमा, पाय ओढत. "इतक्या वर्षांत मला सिएस्तात हाक मारायची कुणाची छाती झाली नव्हती," तो म्हणाला.

"झोपला होतास?"

त्याने गल्लीकडे पाहिलं. सगळी गल्ली त्याच्याकडे बघत होती. "पंखा बघत पडलो होतो," तो शेवटी म्हणाला. "फोनवर एक माणूस जुना ट्रॅक्टर उघडून पुन्हा जोडतो, रोज थोडा थोडा. आज इंजिन सुरू करणार होता. हातात किल्ली घेतली आणि तू माझं इंटरनेट घालवलंस!"

गल्ली हसली. सुल्माला हसू येईना. तिने एका दमात सगळं सांगितलं. बारीक अक्षरं, मेलेला म्हातारा, संध्याकाळची सभा. "तुझ्या डब्यात ठाण्यातलं मॉड्यूल असेल ना रे?"

"कुठल्या डब्यात?"

"रताळ्याच्या वडीच्या."

"त्यात तर भंगार आहे," ओविदिओ म्हणाला. "मी भंगारवाला. तूच म्हणालीस."

"ओविदिओ, पाया पडते. भंगार दे."

तो आत गेला. भांड्यांचा आवाज आला. तो डबा काखोटीला मारून, अंगात शर्ट घालत बाहेर आला आणि सायकलीकडे बघून म्हणाला, "ती ठेव इथे. पिकअपमध्ये बस. तुझ्या हाती एकटीच्या हा डबा मी देणार नाही."

पिकअप निघाली तर मागे दोन्या इर्मा चढल्या, नातसुनेच्या आधाराने, टॅब्लेट छातीशी धरून. पुढच्या गल्लीत लोकांनी पिकअप पाहिली, आणि एकदा झोपेचं सोंग उघडं पडलंय म्हटल्यावर लाजायचं कशाला? ऑफिसपाशी पोचेपर्यंत मागे लोक घडीच्या खुर्च्या, गरम पाण्याचे थर्मास आणि येर्बाच्या कडू चहाचे तुंबे घेऊन निघाले होते. सुल्माला पळून जावंसं वाटलं. इतके सभासद, आणि सगळ्यांना तिची चूक बघायची होती.

पण तसं नव्हतं. कुणी तिला बोल लावला नाही. कुणीतरी तिच्या हातात तुंबा दिला, कुणीतरी म्हणालं, "आधी एक घोट घे, मग काम." ऑफिसच्या व्हरांड्यात पाव-बिस्किटांचं पुडकं फिरायला लागलं. रुबेन दाराशी उभा राहून लोकांना सांगत होता, "मी तर झोपलेलाच असतो हां या वेळी," आणि कुणीही त्याच्यावर विश्वास ठेवत नव्हतं.

आतल्या खोलीत ओविदिओने डबा टेबलावर ओतला. खिळे, पकडी, तारेचे तुकडे, एक जुना हेडफोन, आणि त्यात तीन चंदेरी तुकडे. सुल्माने चष्मा लावला, एकेक उचलून अक्षरं वाचली, आणि वाचलेलं पुन्हा ओविदिओला वाचायला लावलं. तिसरं बरोबर होतं. तिने ते पुसलं, खाचेत बसवलं. मग तिने तार ओविदिओच्या हातात दिली आणि त्याने ती नीट, अलगद, पक्षी घरट्यात ठेवावा तशी ठेवली.

दिवा लागला. हिरवा. व्हरांड्यातून एकाच वेळी पन्नास फोन किणकिणले आणि लोकांनी जो गलका केला तो आमच्या गावाने फुटबॉलमध्ये गोल झाल्यावरही केला नव्हता. चर्चमधले चारचे टोले कधीच पडून गेले होते. सुल्माच्या जिवात जीव आला. ओविदिओने खिशातून फोन काढला आणि एका कोपऱ्यात जाऊन बघत बसला.

"सुरू झालं का?" तिने विचारलं.

"काय?"

"इंजिन."

"पहिल्याच किल्लीला," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला.

संध्याकाळी सभा भरली तेव्हा हॉलमध्ये जागा नव्हती. कंपनीचा माणूस तरुण, गोड बोलणारा होता. त्याने पडद्यावर सुंदर चित्रं दाखवली, मग आवाज खाली आणून म्हणाला, "आज दुपारी काय झालं ते तुम्ही पाहिलंतच. आमच्याकडे असं होत नाही."

रुबेनने मान खाली घातली. सुल्मा उठली. तिला बोलायचं नव्हतं, पण बसून राहवेना.

"त्यांचं खरं आहे," ती म्हणाली. "आज दुपारी चूक झाली, ती माझी. आलेली वस्तू मी वाचली नाही. त्याची शिक्षा संस्थेला देऊ नका. आणखी एक सांगायचंय. आज जे चाललं ते ओविदिओच्या डब्यामुळे चाललं. आणि मी इथे उभी आहे तीही त्याच्यामुळे. आत एकच जागा होती आणि ती त्याची होती. माझी मुलगी लहान होती. त्याने ती जागा सोडली आणि आयुष्यभर खांबांवर चढला. मी त्याला आजवर धन्यवाद देऊ शकले नाही, कारण तो देऊच देत नाही. तेव्हा आता तुमच्या सगळ्यांसमोर देते. ओविदिओ, धन्यवाद."

सगळ्यांनी माना वळवून मागच्या रांगेकडे पाहिलं. ओविदिओ लालबुंद झाला होता. "मला खांब आवडायचे," तो ओरडला. "आत पंखासुद्धा नव्हता!"

लोक हसले. सुल्मा खाली बसली, हिरमुसली. इतक्या लोकांसमोरही त्याने घेतलं नाही.

मग दोन्या इर्मांनी काठी आपटली. "पोरा," त्या कंपनीच्या माणसाला म्हणाल्या, "तुझं सगळं छान आहे. मला एवढंच सांग, माझं बंद पडलं तर मी कुठे यायचं?"

"यायचं नाही, आजी, फोन करायचा. आमचा नंबर चोवीस तास..."

"फोनच बंद पडलेला असतो रे. तुझं फाटक कुठे आहे ते सांग. मी टाळ्या कुठे वाजवू?"

त्याने काहीतरी उत्तर दिलं असेल, पण ते कुणाला ऐकू आलं नाही. रुबेनने मत घ्यायला सांगितलं तेव्हा कंपनीच्या बाजूने जे हात वर झाले ते एका बाकावर मावले असते. त्यातले दोघे नंतर म्हणाले, आम्ही पाठ खाजवत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुल्मा नेहमीप्रमाणे आडवी झाली. पण आयुष्यात पहिल्यांदाच तिला सिएस्तात झोप लागेना. सगळं गाव जागं आहे हे कळल्यावर झोपायचं कसं? ती पंख्याकडे बघत पडली होती, आणि तीनच्या सुमाराला फाटकाशी टाळ्या वाजल्या. दोन, चांगल्या खणखणीत.

ती तशीच उठून बाहेर गेली. फाटकापलीकडे ओविदिओ उभा होता, नीट शर्ट घालून, केस ओले करून विंचरलेले, हातात तो गोल डबा. समोरच्या घरांच्या पट्ट्या बोटबोटभर वर झाल्या.

"हा संस्थेत ठेव," तो म्हणाला. "माझ्यानंतर घरचे फेकून देतील."

"ठेवते. आत ये ना."

तो हलला नाही. फाटकाच्या दांडीकडे बघत राहिला. "काल तू सगळ्यांसमोर बोललीस. मग मी घरी जाऊन विचार केला. म्हटलं, एकदा सांगून टाकावं." त्याने आवाज खाली आणला. "मला उंचावर भीती वाटते, सुल्मा. पहिल्या दिवसापासून. प्रत्येक खांबावर. चढायच्या आधी मी सांता रीताचं नाव घ्यायचो आणि खाली बघायचो नाही."

सुल्मा एक पाऊल पुढे आली. "मग तू इतकी वर्षं..."

"तुला कळलं असतं तर तू जागा परत करायला धावली असतीस. तुझा काय भरवसा! आणि पोरगी किती लहान होती तेव्हा." त्याने नाक पुसलं. "तर आता म्हण काय म्हणायचंय ते. आज मी काही बोलणार नाही."

इतकी वर्षं ती जे म्हणायला थांबली होती त्यातलं आधी काय म्हणावं हे तिला ठरवता येईना. ओविदिओ शहाण्या मुलासारखा गप्प उभा होता. समोर कुणाच्या तरी खिडकीतून दोन्या इर्मांचा आवाज आला, "म्हण गं बाई, उन्हात उभा आहे तो!"

सुल्माने डबा घेतला. मग त्याचा हात दोन्ही हातांत धरला, जुन्या खांबांनी खरबरीत झालेला, आणि म्हणाली, "धन्यवाद, ओविदिओ."

त्याने मान हलवली. हात झटकला नाही. सुल्माने फाटक उघडलं आणि तो पाय ओढत आत आला.